वाळूंतील समाधि आणि एका मोटारीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आमच्या कानांस बहुधा देवालयांच्या संबंधानेंच परिचित आहे. पडक्या शिखराचे दगड पुन्हां रचावे, खचलेला गाभारा सांवरावा, दीपमाळेस पूर्वीचें रूप द्यावें, हें पुण्यकृत्य समजलें जातें. परंतु यंत्राचाहि जीर्णोद्धार होतो आणि त्यांतहि धर्माधर्माचे प्रश्न उपस्थित होतात, असें कोणी म्हटल्यास ऐकणारास तो विनोद वाटण्याचा संभव आहे. एखादी जुनी मोटार पैदा करून ती सुटीच्या दिवशीं खोलावी, पुसावी, जुळवावी आणि पुन्हां सुरांत आणावी, हा आज अनेक देशांतील लोकांचा आवडता छंद आहे. छंद म्हटला कीं आपण त्याकडे कौतुकानें पाहतों व पुढें जातों. ज्या एका मोटारीची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों, तिच्यापाशीं मात्र थोडें थांबावें लागतें. ही मोटार बेचाळीस वर्षें समुद्रकांठच्या वाळूंत पुरलेली होती. ती चालवितांना एका मनुष्याचा अंत झाला होता, आणि त्याच्या मृत्यूनंतर ती मुद्दाम जमिनीआड करण्यांत आली होती. तिला पुन्हां उकरून काढणें योग्य होतें काय? आणि काढल्यावर तिला मोडलेलीच ठेवावी, कीं चालती करावी?

ह्या मोटारीचें पहिलें नांव 'हायम स्पेशल' असें होतें. इंग्लंडांत केंट परगण्यांत कँटरबरी शहराजवळ हायम पार्क नांवाचा प्रशस्त वाडा आहे. त्याचा धनी काउंट लुई झ्बोरोव्स्की हा अत्यंत श्रीमंत तरुण मोटारींच्या शर्यतींच्या नादीं लागलेला होता. त्याचा पिता १९०३ सालीं अशाच एका शर्यतींत मृत्यु पावला होता. परंतु मुलाच्या मनांत त्यामुळें भय उत्पन्न झालें नाहीं. पहिलें महायुद्ध संपल्यावर विमानांचीं इंजिनें स्वस्तांत मिळूं लागलीं. तीं घेऊन मोटारींच्या सांगाड्यांवर बसविण्याचा या काउंटास छंद जडला. त्यानें अशा रीतीनें तयार करविलेल्या 'चिटी बँग बँग' नांवाच्या मोटारींची एवढी ख्याति झाली, कीं पुढें इयन फ्लेमिंग यानें १९६४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या बालकथेंतील मोटारीस तेंच नांव थोड्या फरकानें दिलें. हायम स्पेशल ही याच घराण्यांतील सर्वांत राक्षसी मोटार. कॅप्टन क्लाइव्ह गॅलप या इंजिनियराच्या साहाय्यानें ती बांधली गेली.

तिच्यावर बसविलेलें इंजिन 'लिबर्टी' जातीचें होतें. १९१७ सालीं अमेरिका महायुद्धांत उतरली, तेव्हां जेसी व्हिन्सेंट आणि एल्बर्ट हॉल या दोन इंजिनियरांनीं वॉशिंग्टन येथील एका हॉटेलांत बसून अवघ्या कांहीं दिवसांत या विमान-इंजिनाचे नकाशे तयार केले. आणि पुढें निरनिराळ्या कारखान्यांनीं मिळून अशीं वीस हजारांहून अधिक इंजिनें बनविलीं. त्यास बारा सिलिंडर असत. प्रत्येकाचा व्यास ५ इंच आणि पिस्टनची धांव ७ इंच, म्हणजे एकंदर घनफळ सुमारें २७ लिटर. मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या मोटारीचें घनफळ साधारणतः एक ते दीड लिटर असतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे या इंजिनाच्या आकाराची कल्पना येईल. गिअरपेटी महायुद्धापूर्वीच्या एका बेंझ मोटारीची होती. आणि तेथून मागच्या चाकांपर्यंत शक्ति पोंचविण्यासाठीं दोन्ही बाजूंस भरभक्कम साखळ्या होत्या. सायकलीस असते त्याच तत्त्वाची ही योजना. फरक एवढाच, कीं येथें साखळी ओढणारा जोर चारशेंहून अधिक अश्वशक्तीचा होता.

१९२४ सालीं इटलींत मोंझा येथील शर्यतींत झ्बोरोव्स्की मरण पावला. त्याच्या मागें राहिलेली ही मोटार १२५ पौंडांस विकत घेतली ती जॉन गॉडफ्री पॅरी-थॉमस यानें. हा एका धर्मोपदेशकाचा मुलगा. १८८४ सालीं वेल्समधील रेक्सम येथें जन्मलेला. लेलंड कंपनींत तो मुख्य इंजिनियर होता, आणि १९२० सालीं लोकांपुढें आलेली 'लेलंड एट' ही उंची मोटार त्याच्याच कल्पनेंतून निघाली होती. पुढें ती नोकरी सोडून तो ब्रुकलँड्स येथील शर्यतींच्या मैदानांतच एका बंगलीवजा घरांत राहूं लागला. त्यानें लग्न केलें नाहीं. यंत्र रचणें, तें सुधारणें आणि सुधारलेलें यंत्र स्वतः चालवून पाहणें, हाच त्याचा संसार होता असें म्हटलें तरी चालेल. नव्या धन्यानें मोटारीचें नांवहि बदललें. तो तिला 'बॅब्ज' म्हणूं लागला.

मोटार सुरांत आणणें म्हणजे काय, हें ज्यांस ठाऊक नसेल त्यांनीं तंबोऱ्याची जवार लावणारा गवई डोळ्यांपुढें आणावा. तंबोरा नवा करावयाचा नसतो. आहे त्याच लांकडांतून आणि त्याच तारांतून उत्तम तो नाद काढावयाचा असतो. इंजिनाच्या पोटांत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचें मिश्रण जातें. वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें पंधरा भाग हवा असें हें प्रमाण असावें लागतें. पेट्रोल फार झाल्यास इंजिन धुरकटतें. फार थोडें झाल्यास तें अतिशय तापतें. ठिणगी पिस्टन माथ्यास पोंचण्याच्या किंचित् आधीं पडावी लागते. आणि वेग जसा वाढेल तसें हें आधींचें अंतरहि वाढवावें लागतें. विमानाचें इंजिन बहुतेक वेळ एकाच गतीनें फिरत असतें. मोटारीच्या इंजिनानें मात्र मंद गतीपासून तीव्र गतीपर्यंत चटकन् चढलें पाहिजे. थॉमसनें झेनिथ जातीचे चार कार्ब्युरेटर बसविले, स्वतःच्या आंखणीचे पिस्टन घातले आणि हवेचा अडथळा कमी व्हावा अशा बेतानें मोटारीचें बाह्यांग बदललें. म्हणजे ज्यास आज आपण 'मूळची बॅब्ज' म्हणतों, ती मुळांतच एकाच्या इंजिनाचें, दुसऱ्याच्या गिअरपेटीचें आणि तिसऱ्याच्या बुद्धीचें जोडकाम होती. ही गोष्ट पुढें आमच्या उपयोगी पडणार आहे.

त्या काळीं भूमीवरील वेगाच्या उच्चांकासाठीं तीन इंग्रज चुरशीनें झटत होते. माल्कम कॅंबेल आणि हेन्री सीग्रेव्ह हे दोघे, तिसरा थॉमस. ठराविक अंतर दोन्ही दिशांनीं धांवून त्यांची सरासरी काढावयाची, असा नियम होता. कारण एका दिशेस वारा पाठीशीं असला तर दुसऱ्या दिशेस तो तोंडावर येतो. १९२६ च्या मार्च महिन्यांत सीग्रेव्हनें ताशीं १५२.३३ मैलांचा उच्चांक स्थापिला होता. एप्रिलच्या २७ तारखेस पेंडाइन येथील वाळूवर थॉमसनें बॅब्ज ताशीं १६९.३० मैल वेगानें नेली, आणि दुसऱ्याच दिवशीं हा आंकडा १७१.०२ वर चढविला. मुंबईपासून पुण्याचें लोहमार्गानें अंतर सुमारें ११९ मैल आहे. या वेगानें तें बेचाळीस मिनिटांत संपलें असतें. एका मृत शौकिनाकडून १२५ पौंडांस घेतलेल्या जुन्या मोटारीनें हा पराक्रम केला, ही गोष्ट घरच्या घरीं यंत्राशीं झटणाऱ्या सर्वांस आजहि स्फूर्तिदायक वाटते, यांत नवल नाहीं.

पेंडाइन हें दक्षिण वेल्समधील कार्मार्थनशायर परगण्यांतलें समुद्रकांठचें लहानसें गांव आहे. तेथें सुमारें सात मैल लांबीची पुळण असून ओहोटीच्या वेळीं तिची वाळू कठीण व सपाट होते. १९२७ च्या फेब्रुवारी महिन्याच्या ४ तारखेस याच पुळणीवर कॅंबेलनें 'ब्लू बर्ड' मोटारीनें ताशीं १७४.८८ मैलांचा नवा उच्चांक केला. तो मोडण्यासाठीं थॉमस ३ मार्च रोजीं पुन्हां बॅब्ज घेऊन वाळूवर उतरला. मोटार पूर्ण भरांत धांवत असतां तिला अपघात झाला; ती उलटली, आणि थॉमस डोक्यास झालेल्या जबर आघातानें जागच्या जागीं मरण पावला. भूमीवरील वेगाचा उच्चांक करण्याच्या प्रयत्नांत मोटार चालवितांना प्राण गमावलेला तो पहिला पुरुष होय. त्यानंतर अवघ्या सव्वीस दिवसांनीं, २९ मार्च रोजीं, अमेरिकेंत डेटोना येथें सीग्रेव्हनें ताशीं २०३.७९ मैलांचा वेग गांठला. ज्या आंकड्यासाठीं थॉमसनें प्राण वेंचला, तो आंकडा महिना पुरा होण्याच्या आंतच जुना झाला.

थॉमसचा देह ब्रुकलँड्सजवळच्या बायफ्लीट गांवीं चर्चच्या आवारांत पुरण्यांत आला. बॅब्जला मात्र पेंडाइनच्याच वाळूंत मूठमाती देण्यांत आली. आमच्याकडे भंगलेली मूर्ति पूजेंत ठेवीत नाहींत; ती नदींत किंवा समुद्रांत सोडतात. जें पूज्य होतें पण आतां पूजेस योग्य राहिलें नाहीं, त्याचें काय करावें, या प्रश्नाचें तें एक सभ्य उत्तर आहे. बॅब्जला वाळूंत पुरणाऱ्यांच्या मनांत कांहीं अशीच भावना असली पाहिजे. ती भंगारवाल्यास विकली जावी किंवा जत्रेंत पैसे घेऊन दाखविली जावी, यापेक्षां वाळूंतील समाधि बरी, असें कोणासहि वाटेल.

मोटार गेली तरी तिची दंतकथा राहिली. बाजूची साखळी तुटली, ती उसळून चालकाच्या डोक्यास लागली आणि त्यामुळेंच तो मेला, ही कथा पुस्तकांतून व तोंडोतोंडीं चालत आली. ऐकणाराच्या अंगावर शहारे आणणारी कथा सहसा मरत नाहीं. शिवाय या कथेंत एक गर्भित दोषारोप होता. उघड्या साखळीची जुनाट मोटार एवढ्या वेगानें हांकणारा हा मनुष्य अविचारी होता, असा तिचा ध्वनि निघत असे. मृत थॉमस त्यास उत्तर देऊं शकत नव्हता, आणि ज्या एकाच साक्षीदारापासून सत्य कळलें असतें, तो साक्षीदार वाळूखालीं होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ही पुळण लष्कराच्या ताब्यांत गेली, व पुढेंहि तेथें लष्करी प्रयोग चालू राहिले. अशा ठिकाणीं १९६९ सालीं एक शिक्षक फावडीं घेऊन आला. त्याचें नांव ओवेन विन ओवेन. तो उत्तर वेल्समधील कॅपेल कुरिग गांवचा राहणारा. बँगर येथें इंजिनियरिंगचा अध्यापक. अध्यापन हा त्याचा व्यवसाय आणि जुनीं यंत्रें सजीव करणें हा त्याचा छंद. त्यानें लष्करी खात्याची परवानगी मिळविली, थॉमसच्या आप्तांची संमति घेतली, आणि मग वाळू उपसली. या क्रमाकडे वाचकांनीं अवश्य लक्ष द्यावें. फावडें हातीं घेण्यापूर्वीं त्यानें ज्यांचा अधिकार होता त्यांस विचारलें. छंदिष्ट मनुष्य आणि लुटारू यांच्यांतील भेद पुष्कळदां एवढ्याच एका गोष्टींत सांपडतो.

तरीहि आक्षेप शिल्लक राहतोच. आप्तांनीं संमति दिली म्हणून समाधि उकरण्याचा दोष जातो काय? आक्षेपकांचें म्हणणें हलक्या हातानें बाजूस सारण्याजोगें नाहीं. दुःखाच्या वेळीं समाजानें जी वस्तु दृष्टीआड केली, ती पुढच्या पिढीनें कुतूहलापोटीं बाहेर ओढावी, यांत एक प्रकारची धिटाई आहेच. पण आम्हांस या बाबतींत दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही, कीं वाळूंत थॉमसचा देह नव्हता. होतें तें त्याचें काम. मनुष्याचा देह मातीस मिळावा हें स्वाभाविक आहे, परंतु त्याचें काम मातीस मिळावें असें कोणताहि कारागीर इच्छीत नसतो. दुसरी गोष्ट अशी, कीं त्या वाळूखालीं निवांतपणा नव्हता. तेथें एक आरोप पुरलेला होता. खार्‍या ओलाव्यांत लोखंड गंजतें, आणि निरनिराळे धातु एकमेकांस लागून असले म्हणजे अॅल्युमिनियमसारखा धातु विशेष झपाट्यानें खाल्ला जातो. आणखी कांहीं दशकें गेलीं असतीं तर समाधि तर राहिली नसतीच, पण साक्षहि राहिली नसती.

ती साक्ष काय निघाली? बाहेर काढलेल्या अवशेषांचें परीक्षण झाल्यावर साखळीची कथा पूर्वीइतकी निःशंकपणें सांगण्यासारखी राहिली नाहीं. मागचें उजवें चाक प्रथम निकामी झालें असावें आणि साखळीची मोडतोड हा त्याचा परिणाम असावा, असें मत पुढें आलें. शेवटचा निर्णय झाला असें आम्ही म्हणत नाहीं. एवढ्या वर्षांनंतर तसा निर्णय होणेंहि कठीण. परंतु चाळीस वर्षें जें विधान सिद्धान्त म्हणून मिरवत होतें, तें पुन्हां प्रश्न झालें, हा लाभ लहान नव्हे. राजवाडे यांनीं दप्तरें धुंडाळून अस्सल कागदांचा आग्रह धरिला, तो अशाच कारणासाठीं. ऐकीव कथेस कागदापुढें उभी करून तिची परीक्षा घ्यावी, हा इतिहासाचा पहिला नियम आहे. ओवेनच्या हातीं कागद नव्हता. त्याच्या हातीं वांकलेलें पोलाद होतें, पण नियम तोच.

मात्र मोटारीच्या जीर्णोद्धारांत एक अडचण आहे, ती कागद वाचणारास कधींच भोगावी लागत नाहीं. संशोधकानें जुनें पत्र वाचलें तरी पत्र जसेंच्या तसें राहतें. उद्यां दुसरा येऊन त्याचें वाचन तपासूं शकतो. यंत्राचा जीर्णोद्धार करणारा मात्र जी लिपि वाचतो तीच पुसून पुन्हां लिहितो. वांकलेला दांडा सरळ केला, कीं तो कोणत्या बाजूनें व किती वांकला होता हें त्या दांड्यावर उरत नाहीं. म्हणून या छंदांत ज्यास प्रामाणिक राहावयाचें आहे, त्यानें प्रत्येक भाग खोलण्यापूर्वीं त्याचें चित्र व माप घेतलें पाहिजे, जुना निरुपयोगी भागहि टाकून न देतां जपला पाहिजे, आणि कोणता भाग मूळचा, कोणता दुसऱ्या यंत्रांतून आणलेला व कोणता अंदाजानें नवा घडविलेला, हें लपवितां कामा नये. आमच्या जुन्या ग्रंथांची संशोधित आवृत्ति काढणारे पंडित हेंच करतात. गळालेलें अक्षर ते कंसांत भरतात. आपलें अक्षर ग्रंथकाराचें म्हणून खपवीत नाहींत.

ओवेनचें काम सुमारें पंधरा-सोळा वर्षें चाललें. एवढ्या अवधींत एक मूल जन्मून शाळा संपवितें. नोकरी संभाळून, संध्याकाळीं व सुटीच्या दिवशीं, आज एक भाग तर महिन्यानें दुसरा, असें हें काम. अशा कामांत द्रव्यापेक्षां धीर अधिक लागतो. एखादा खिळा गंजून बसलेला असतो. त्यावर जोर केला तर तो तुटतो, आणि त्याबरोबर एक तुकडा इतिहासहि तुटतो. म्हणून तेल सोडावयाचें, ऊब द्यावयाची आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां पाहावयाचें. वेगासाठीं जन्मलेल्या यंत्राचा उद्धार इतक्या संथपणानें व्हावा, यांत विसंगति दिसते खरी. पण दुसऱ्या कोणत्याहि रीतीनें तो झाला नसता. अखेर बॅब्ज पूर्वीच्या रूपांत उभी राहिली, आणि तिचें इंजिनहि पुन्हां बोलूं लागलें.

येथें तार्किक मनुष्य विचारील, कीं जिचे इतके भाग बदलले, ती मोटार तीच कशी? नदीचें पाणी बदलतें तरी नदी तीच म्हणावी काय, हा प्रश्न आमच्या शास्त्रकारांसहि नवा नाहीं. बॅब्जच्या बाबतींत त्याचें उत्तर वर सांगितलेल्या एका गोष्टींत आहे. ही मोटार अमुक एका दिवशीं अमुक कारखान्यांतून पूर्ण होऊन निघालेली वस्तु कधींच नव्हती. झ्बोरोव्स्कीनें विमानाचें इंजिन आणि बेंझची गिअरपेटी एकत्र आणली. थॉमसनें पिस्टन, कार्ब्युरेटर व अंग बदललें. ओवेननें जें काळानें खाल्लें तें भरून काढलें. प्रत्येकास ती आधींच्या मृताकडून मिळाली. पहिल्या दोघांनीं ती आपल्या इच्छेप्रमाणें पुढें नेली. तिसऱ्यानें मात्र आपली इच्छा बाजूस ठेवून ती थॉमसच्या इच्छेकडे मागें नेली. एवढाच काय तो भेद. आणि आमच्या मतें सुधारणारा व जीर्णोद्धार करणारा यांच्यांतील खरा भेद तोच. ओवेनला अधिक चांगलें चाक बसवितां आलें नसतें असें नाहीं, पण तें चाक थॉमसचें झालें नसतें.

राहतां राहिला तो चालती करण्याचा प्रश्न. कित्येक जाणते म्हणतात, कीं अशा दुर्मिळ यंत्रानें आतां स्वस्थ बसावें. फिरणारा प्रत्येक भाग झिजतो. या म्हणण्यास आधार आहे. कॅंबेलनें १९२५ सालीं ज्या सनबीम मोटारीनें याच पेंडाइनच्या पुळणीवर ताशीं १५० मैलांची मर्यादा ओलांडली, ती मोटार इंग्लंडांतील ब्युली येथील संग्रहालयांत आहे. १९९३ सालीं तिचें इंजिन चालवून पाहत असतां तेलाची वाट तुंबून तें अडकलें व त्याची मोठी हानि झाली. परंतु कथा तेथेंच संपली नाहीं. त्या इंजिनाची पुन्हां बांधणी झाली, २०१४ सालीं तें चालूं लागलें, आणि २०१५ च्या जुलै महिन्यांत, त्या पराक्रमास नव्वद वर्षें पूर्ण झालीं तेव्हां, ती मोटार पेंडाइनच्या वाळूवर पुन्हां आली. झालेली हानि खरी होती. पण ती दुरुस्त करतांना कांहीं माणसांस एका जुन्या इंजिनाचें अंतरंग हातांनीं शिकावें लागलें, हेंहि तितकेंच खरें. तंबोरा कपाटांत ठेवला तर त्याचें लांकूड टिकेल, पण जवार लावण्याची विद्या टिकणार नाहीं. आमचें मत असें, कीं जेथें एकच वस्तु उरली आहे तेथें ती क्वचित् व जपून चालवावी. परंतु ती कधींच चालवूं नये असें मात्र म्हणूं नये. शर्यत करूं नये, पण श्वास घेऊं द्यावा.

आज बॅब्ज वर्षांतील कांहीं काळ पेंडाइन येथील भूवेगाच्या संग्रहालयांत लोकांस पाहावयास मिळते. ज्या वाळूनें तिला बेचाळीस वर्षें पोटांत ठेवलें, ती वाळू तेथून हांकेच्या अंतरावर आहे. तिच्यापुढें उभी राहणारीं मुलें प्रथम तिच्या लांबीकडे पाहतात, मग बाजूच्या साखळीकडे बोट दाखवून ती जुनी कथा विचारीत असतील, यांत शंका नाहीं. त्या वेळीं त्यांस 'असें म्हणतात, परंतु चाक पाहून दुसरेंहि वाटतें' एवढें सांगणारा कोणी शेजारीं असला, म्हणजे त्या शिक्षकाच्या पंधरा-सोळा वर्षांच्या संध्याकाळांचें चीज झालें असें समजण्यास हरकत नाहीं.